तीन टोकांचा तुंपेंग

"काय पाक प्रासोजो, शाळेत मुलांना भांडायला शिकवताय म्हणे?"

सकाळी मी अंगणात पिंजऱ्यातल्या पाखरांना दाणे टाकत होतो, तेव्हा कुंपणापलीकडून हा प्रश्न आला. विचारणारे आमचे गल्लीप्रमुख, पाक कासिमिन. पाक म्हणजे आमच्या जावातलं 'राव'. ते न लावता कुणाला हाक मारली तर तो माणूस आठवडाभर हसतमुखानं रागावलेला असतो.

मी म्हटलं, "भांडायला नाही हो. दहा-वीस मुलांनी मिळून एकच काम संगणकावर कसं करायचं, ते शिकवतोय. कुणी काय लिहिलं, कुणी काय बदललं, सगळं संगणक लक्षात ठेवतो. दोघांनी एकच ओळ वेगवेगळी लिहिली तर तो थांबतो आणि विचारतो, यातली कुठली ठेवू?"

"मग?"

"मग एक ठेवायची, दुसरी पुसायची."

"दुसऱ्याची?"

"हो."

"त्याच्या देखत?"

"हो. म्हणजे, त्याला दिसतंच की."

पाक कासिमिननी बराच वेळ माझ्या पाखरांकडे पाहिलं. मग "तुम्ही शिकलेली माणसं" एवढंच म्हणाले आणि चपला फटफटवत निघून गेले. आमच्या सालातिगा गावात याहून जहाल टीका कुणी कुणावर करत नाही. मी चहा न पिताच शाळेत गेलो.

शाळा म्हणजे धंदेशिक्षणाची. तिथं शिवणकाम आहे, मोटारसायकल दुरुस्ती आहे, पाकशास्त्र आहे आणि कोपऱ्यातल्या एका खोलीत मी आणि माझे संगणक आहोत. ही खोली पाकशास्त्राच्या बू तुमिनींना हवी होती. बू म्हणजे बाई. या बाईंइतकी गोड बाई मी पाहिलेली नाही, आणि मी त्यांना फार घाबरतो. त्या मोजपट्टीची टेप घेऊन माझ्या तासाला यायच्या. "चालू द्या, चालू द्या, मी काही बोलत नाही," असं म्हणून भिंतीची लांबी मोजायच्या. एकदा तर मी फळ्यावर लिहीत असताना त्यांनी टेपचं एक टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. नाही कसं म्हणणार? नंतर कळलं की मी जिथं उभा होतो तिथं मोठी भट्टी बसणार होती.

अशात शिक्षणखात्याकडून निरोप आला. सतरा ऑगस्टला, म्हणजे आमच्या स्वातंत्र्यदिनी, तपासनीस साहेब स्वतः येणार. मुलांनी मिळून काय काम केलं ते बघणार, आणि खोलीत संगणक राहणार की भट्ट्या येणार, ते तिथंच सांगणार. निरोप वाचून मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून इतक्या प्रेमानं हसल्या, की मला घाम फुटला.

काम काय दाखवायचं, ते मी लगेच ठरवलं. गल्लीच्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्याचं वेबपान. सगळे कार्यक्रम, वेळा, जागा, मानकरी, सगळं एका पानावर. मुलं मिळून ते लिहितील, त्या दिवशी मोठ्या पडद्यावर ते दिसेल आणि त्यावरून सोहळा चालेल. आतापर्यंत मुलं सगळं काम एका पेनड्राइव्हवर ठेवून तो आळीपाळीनं घरी न्यायची. तो दामार नावाच्या मुलाच्या पॅन्टबरोबर धुतला गेला, तेव्हा मी ठरवलं की यांना गिट शिकवायचं. गिट म्हणजे ते सगळं लक्षात ठेवणारं साधन. जगभरचे प्रोग्रॅमर ते वापरतात. जगभरच्या प्रोग्रॅमरांत जावाची माणसं किती आहेत याची चौकशी मी आधी करायला हवी होती.

पहिली अडचण खातं उघडण्याची. मी मुलांना सांगितलं, आपापल्या नावानं खातं उघडा. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हातात एकेक पत्र घेऊन हजर. आपापल्या गल्लीप्रमुखाचं, सहीशिक्क्याचं. 'सदर मुलगा आमच्या गल्लीत राहतो, वर्तन चांगलं आहे, त्यास गिट मिळावे.' आमच्याकडे गल्लीप्रमुखाच्या पत्राशिवाय लग्न होत नाही, गॅस मिळत नाही आणि माणूस नीट मरतही नाही, तेव्हा मुलांची चूक नव्हती. मी म्हटलं, "अरे, हे पत्र दाखवणार कुणाला?" दामार म्हणाला, "सर, तुम्हीच धरा संगणकापुढं." मी सगळी पत्रं एकेक करून संगणकापुढं धरली. ती धरेपर्यंत मुलं कळफलकाला हात लावत नव्हती.

दुसरी अडचण नोंदींची. गिटमध्ये बदल केला की त्याखाली एक छोटीशी नोंद लिहायची असते, काय बदललं त्याची. एक ओळ पुरे. मी फळ्यावर उदाहरण लिहिलं: 'वेळ बदलली'. मुलांना हे इतकं उद्धट वाटलं की पुढच्या बाकावरच्या मुलींनी मान खाली घातली. मग त्यांनी आपल्या पद्धतीनं नोंदी लिहिल्या. दामारची पहिली नोंद अशी होती: 'आदरणीय सर आणि वर्गातले सर्व मित्र, आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असावी अशी आशा करतो. माझ्यासारख्या अजाण मुलानं हे धाडस करणं शोभत नाही, तरी पोत्यांच्या शर्यतीपुढं एक स्वल्पविराम घातला आहे. काही चुकलं असल्यास पोटात घालावं.' हे वाचून त्याच्या शेजारणीनं आणखी एक नोंद केली. तिनं काहीच बदललं नव्हतं. दामारची प्रकृती विचारली होती.

पण खरं संकट पुढं होतं.

कृपुक खाण्याची शर्यत आमच्या सोहळ्याचा प्राण. दोरीला टांगलेले पापडासारखे कुरकुरीत कृपुक, हात मागं बांधलेले, आणि नुसत्या तोंडानं ते पकडून खायचे. एका मुलानं लिहिलं, शर्यत आठ वाजता, व्हॉलीबॉलच्या मैदानात. दुसऱ्यानं लिहिलं, नऊ वाजता, मशिदीसमोर. गिट थांबलं. दोन्ही ओळी त्यानं एकाखाली एक मांडल्या, वर डावीकडं तोंड केलेल्या बाणांची रांग, खाली उजवीकडं तोंड केलेल्या बाणांची रांग, मधे दुहेरी रेघा, आणि पडद्यावर शब्द आला: तंटा. म्हणजे त्याच्या भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ तोच.

ज्या दोघांच्या ओळी होत्या ते दोघं एकमेकांची माफी मागू लागले.

"यात रडण्यासारखं काही नाही," मी म्हटलं. "ठरवा. कुठली ठेवायची?"

दोघं बाहेर व्हरांड्यात गेले, कुजबुजले, परत आले. "झालं, सर."

मी बघितलं. दोन्ही ओळी तशाच होत्या. शर्यत आठ वाजता मैदानात आणि नऊ वाजता मशिदीसमोर.

"अरे, एक काढायची होती!"

"काढायची कशाला, सर? दोन्ही चांगल्या आहेत."

"आणि हे बाण? ते तरी काढा."

"ते संगणकानं काढलेत, सर," दामार खालच्या आवाजात म्हणाला. "त्यालाही वाईट वाटेल."

मी हात टेकले. म्हणजे त्या दिवसापुरते टेकले. दुसऱ्या दिवशी मी ठरवून टाकलं की या पोरांना आधी 'नाही' म्हणायला शिकवायचं, बाकीचं मागाहून. मी फळ्यावर ठळक लिहिलं: दोन अधिक दोन बरोबर पाच. आणि म्हटलं, "मी चुकलोय. मला सांगा की मी चुकलोय. म्हणा, नाही, सर."

कुणी बोलेना.

"दामार?"

"छान आहे, सर."

"काय छान आहे? पाच?"

"पाच छान आहे. अक्षरही छान आहे."

पलीकडच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "जवळजवळ झालंय, सर." त्याच्या मागची म्हणाली, "अजून चार व्हायचं असेल, सर. होईल." शेवटी मी वेनिंगला उभं केलं. वेनिंग म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, पाक कासिमिनची धाकटी. मला अडतं तिथं हिला आधीच कळलेलं असतं, पण बोलायला सांगितलं की आवाज इतका बारीक होतो की पंखा बंद करावा लागतो. ती माझ्याकडे बघत होती, फळ्याकडे बघत होती, पुन्हा माझ्याकडे. ओठ हलले. मला वाटलं, आलं! आता आलं!

"चार पण छान आहे, सर," वेनिंग म्हणाली.

त्याच वेळी दारातून टेप खुळखुळली. "चालू द्या, चालू द्या," बू तुमिनी म्हणाल्या.

इकडं गल्लीला पानाची बातमी लागली, आणि पाक कासिमिननी सभा बोलावली. गल्लीच्या सोहळ्याच्या पानात बदल व्हायचा तर तो सर्वांच्या संमतीनं व्हायला हवा, असं त्यांचं म्हणणं. ते रास्तच होतं. पण आमच्याकडे संमती म्हणजे मत मोजणं नव्हे. सगळे चटयांवर बसतात, तळलेली केळी आणि कॉफी येते, आणि ज्याला जे वाटतं ते तो बोलतो. कुणी कुणाला खोडत नाही. शेवटी सगळं मान्य झालं असं जाहीर होतं आणि सगळे केळी बांधून घरी नेतात. त्या सभेत तेल लावलेल्या खांबावर चढायची स्पर्धा दोन ठिकाणी ठरली. उद्घाटनाची भाषणं दोन ठरली. व्हॉलीबॉलच्या सामन्याला तीन संघ ठरले, आणि ते एकदमच खेळणार होते. मुलं कोपऱ्यात बसून सगळं पानावर चढवत होती. मी मधेच उठून म्हटलं, "पण एका वेळी तीन संघ कसे खेळतील?" सगळ्यांनी माझ्याकडे इतक्या समजूतदारपणे पाहिलं की मी केळं खाल्लं.

मग तुंपेंगचा विषय निघाला. तुंपेंग म्हणजे पिवळ्या भाताचा डोंगर. भोवती अंडी, कोंबडी, तळलेलं सोयाबीनचं तेंपे, भाज्या. सोहळ्याच्या शेवटी त्याचं टोक कापतात आणि सर्वांत मानाच्या माणसाला देतात. बाकी सगळं दोन-दोन करता येतं, पण डोंगराला टोक एकच. हे टोक कुणाला, यावर आमच्या गल्लीत कधी वाद झालेला नाही. म्हणजे वाद मनात झालेत, आणि ते बरीच वर्षं चालू आहेत.

पानावर टोकाची पहिली ओळ वेनिंगनं फार आधीच लिहिली होती: 'पहिलं टोक म्बाह तार्मींना.' म्बाह म्हणजे आजी. म्बाह तार्मी आमच्या गल्लीतल्या सर्वांत वडील. वय विचारलं तर डच होते तेव्हाच्या गोष्टी सांगतात आणि मधेच झोपतात. ओळ अगदी बरोबर होती आणि ते सर्वांना माहीत होतं. पण सभेत पाक कासिमिन म्हणाले, "टोक मला नको, बुवा. खरंच नको. मी साधा माणूस." हे त्यांनी इतक्यांदा म्हटलं, की दामारनं मुकाट्यानं दुसरी ओळ घातली: 'पहिलं टोक गल्लीप्रमुख पाक कासिमिन यांना.' वेनिंगनं ते पाहिलं. आपल्याच बापाचं नाव. ती नुसती चटईची एक काडी उपसत बसली.

आणि तिसरी ओळ मी घातली.

हो, मीच. वाचकांनी लगेच भुवया वर करू नयेत. तपासनीस येणार, खोलीचा निकाल लागणार, बू तुमिनींनी भट्टीवर झाकायचं कापडसुद्धा शिवून घेतलेलं. अशा वेळी 'पहिलं टोक मा. तपासनीस साहेबांना' ही ओळ म्हणजे लाचारी नव्हे, दूरदृष्टी होती. खाली मी नोंद लिहिली: 'किरकोळ सुधारणा.'

बायकोला सांगितलं तेव्हा मुरवानी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पोरांना म्हणता, काढा, काढा. आणि स्वतः घालताय?"

"ते वेगळं."

"म्बाहचं टोक काढून साहेबाला?"

"काढलं कुठं? तिची ओळ आहेच की."

"मग पोरं शिकलीत तुमच्याकडूनच," ती म्हणाली आणि सूप जोरात आपटलं. मी पाखरांना दाणे टाकायला गेलो. पाखरं पोट भरून झोपली होती.

सतरा ऑगस्ट उजाडला. लाल-पांढरे झेंडे, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कर्णकर्कश संगीत. व्हॉलीबॉलच्या मैदानात मोठा पडदा, पडद्यावर आमचं पान, आणि खाली टेबलावर लॅपटॉप घेऊन वेनिंग. तपासनीस साहेब आले. पाक मारपाउंग, तोबा सरोवराकडचे बाताक. बाताक माणसं मनानं मोकळी आणि आवाजानं त्याहून मोकळी. ते गाडीतून उतरले आणि म्हणाले, "बाथरूम कुठाय?" ते एवढ्या मोठ्यानं आणि एवढं सरळ, की सगळ्यांना वाटलं साहेब संतापले. मुरवानीनं धावत जाऊन त्यांच्यापुढं साखर जास्त घातलेला चहा ठेवला. साहेब म्हणाले, "फार गोड आहे." कुणी तरी घाबरून संगीत बंद केलं.

पाक कासिमिन ध्वनिक्षेपकापाशी गेले आणि पडद्यावरचं पान वाचू लागले. गल्लीप्रमुख जे लिहिलंय ते सगळं वाचतात, गाळत काही नाहीत, याचा त्यांना अभिमान आहे.

"डावीकडं बाण," ते म्हणाले. "डावीकडं बाण. डावीकडं बाण."

सगळी गल्ली उठून डावीकडं सरकली.

"कृपुकची शर्यत आठ वाजता, मैदानात. दुहेरी रेघ. दुहेरी रेघ. कृपुकची शर्यत नऊ वाजता, मशिदीसमोर. उजवीकडं बाण. उजवीकडं बाण..."

गल्ली उजवीकडं सरकली. दोन खुर्च्या मोडल्या, पण कुणी तक्रार केली नाही. म्बाह तार्मी आपल्या खुर्चीत झोपल्या होत्या, त्यांना खुर्चीसकट उचलून डावीकडं आणि मग उजवीकडं नेलं. पोरांनी आठ वाजता मैदानात कृपुक खाल्ले आणि तीच पोरं धावत जाऊन नऊ वाजता मशिदीसमोर पुन्हा खायला लागली, तेव्हा त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. उद्घाटनाची दोन भाषणं एकाच वेळी झाली. तीन संघांच्या व्हॉलीबॉलमध्ये कोण जिंकलं ते अजूनही ठरलेलं नाही, पण तिघांनाही बक्षीस मिळालं.

साहेब माझ्या शेजारी बसले होते. "हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"सहकार्य, साहेब," मी म्हटलं.

आणि तेवढ्यात माझं लक्ष पडद्याकडं गेलं. पान खाली सरकलं होतं. तुंपेंगच्या भागात माझी ओळ नव्हती. पाक कासिमिनची ओळही नव्हती. म्बाह तार्मींची एकच ओळ तिथं एकटी उभी होती, आणि आजूबाजूला बाण नव्हते, रेघा नव्हत्या, काही नव्हतं.

मी खिशातून फोन काढला, बातिकच्या सदऱ्याआड धरला आणि ओळ पुन्हा घातली. किरकोळ सुधारणा. पडद्यावर ओळ उमटली. मी श्वास सोडला. ओळ गेली.

मी लॅपटॉपकडं पाहिलं. वेनिंग खाली मान घालून बसली होती. बोटं चालू होती.

मी पुन्हा ओळ घातली. पोत्यांची शर्यत चालू होती, साहेब टाळ्या वाजवत होते, म्हणून बरं. ओळ पुन्हा गेली. माझ्यासारखा अनुभवी शिक्षक एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीशी, तिच्याशी एक अक्षर न बोलता, भर मैदानात भांडत होता. तेही तिला मीच शिकवलेल्या साधनानं. मी पुन्हा घातली. या वेळी ओळ टिकली. मी विजयी मुद्रेनं फोन खिशात ठेवला आणि साहेबांना शेंगदाणे दिले.

बू तुमिनी आणि त्यांच्या मुली तुंपेंग घेऊन आल्या. चौघींनी धरलेला. मैदानातून एक आश्चर्याचा आवाज निघाला. तुंपेंगला तीन टोकं होती. बाईंनी पान वाचलं होतं, तीन मानकरी बघितले होते, आणि कुणालाच दुखवायचं नाही म्हणून भाताचा तीन शिखरांचा डोंगर रचला होता. मधलं शिखर थोडं उंच होतं. ते साहेबांचं असावं. बाईंचीही दूरदृष्टी होती तर.

"आता तुंपेंग," पाक कासिमिन म्हणाले आणि पडद्याकडं वळले. त्या टोकासाठी सकाळपासून त्यांनी काही खाल्लेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "पहिलं टोक..."

ते थांबले.

मी पडदा पाहिला. एकच ओळ होती. पाक कासिमिननी मुलीकडं पाहिलं. मुलीनं वर पाहिलं, आणि त्या क्षणी तिनं मान खाली घातली नाही. जे लिहिलंय ते सगळं वाचणारा माणूस आता काय करणार?

"पहिलं टोक," पाक कासिमिननी वाचलं, आवाज जरा बसला होता, "म्बाह तार्मींना."

"थांबा!" साहेब ओरडले. म्हणजे नेहमीच्या आवाजात बोलले. "भाताला टोकं तीन आणि नाव एकच? बाकीची दोन कुठं गेली? पाक प्रासोजो, तुमचं ते गिट लक्षात ठेवतं ना सगळं? दाखवा. कुणी काय बदललं, पडद्यावर दाखवा."

"साहेब, ते तांत्रिक असतं. लोकांना कंटाळा..."

"दाखव गं मुली."

वेनिंगनं दाखवलं. पडद्यावर नोंदी उतरू लागल्या. खालून वर, दामारची प्रकृती, स्वल्पविराम, क्षमायाचना, पुन्हा प्रकृती. साहेबांना घाई होती. "हे सगळं नको. आजचं वाच." मग त्यांनी स्वतःच वाचलं, त्यांच्या त्या मोकळ्या आवाजात, ध्वनिक्षेपकाची गरज न पडता:

"वेनिंग: बाबांची ओळ काढली, चुकीची आहे. वेनिंग: सरांची ओळ काढली, चुकीची आहे. प्रासोजो: किरकोळ सुधारणा. वेनिंग: सरांची चुकीची ओळ पुन्हा काढली. प्रासोजो: किरकोळ सुधारणा. वेनिंग: पुन्हा काढली. प्रासोजो: किरकोळ सुधारणा."

साहेब थांबले. आता एकच, शेवटची नोंद उरली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"वेनिंग," ते म्हणाले. "नाही, सर."

एवढंच. खाली प्रकृतीची चौकशी नाही, क्षमा नाही. ज्या दोन शब्दांसाठी मी फळ्यावर पाच लिहून गयावया केली होती, ते आता भिंतीएवढ्या अक्षरांत सगळ्या गल्लीपुढं होते, आणि ते मला उद्देशून होते. मला जमिनीत जावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी मला उठून ओरडावंसं वाटत होतं की ही माझी विद्यार्थिनी आहे, हिला मी शिकवलंय. माझ्या आयुष्यात मला असा आनंद आणि अशी शरम एकदम कधी झाली नव्हती.

"म्हणजे ते टोक माझं होतं तर," साहेब म्हणाले.

त्यांनी वेनिंगकडं बोट केलं.

"आणि या मुलीनं माझ्या तोंडातून काढलं?"

"हो, साहेब," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सगळं पडद्यावर होतं.

साहेब हसायला लागले. ते हसू मशिदीपर्यंत ऐकू गेलं असावं. "मी इतक्या शाळा फिरलो, पाक प्रासोजो. सगळीकडं मुलं नुसती घालतात. काढलेलं आज पहिल्यांदा पाहिलं. राहू द्या तुमची खोली!"

बू तुमिनींनी मोठा डाव घेतला, आणि त्याच्या पाठीनं तुंपेंगची दोन टोकं, आधी उंच आणि मग दुसरं, हलकेच चेपून सपाट केली. मग उरलेलं टोक केळीच्या पानावर काढलं. पाक कासिमिननी ते पान स्वतः हातात घेतलं आणि म्बाह तार्मींपाशी नेऊन दोन्ही हातांनी पुढं केलं. म्बाहना उठवावं लागलं. त्यांनी एक घास तोंडात घोळवला.

"मीठ कमी आहे," म्बाह म्हणाल्या.

बू तुमिनींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण टेप मात्र पदराआड गेली. पुढच्या आठवड्यात ती मोटारसायकल दुरुस्तीच्या खोलीत दिसली.

सोमवारी वर्गात गेलो. वेनिंग पहिल्या बाकावर, मान खाली, हातात वडिलांचं सहीशिक्क्याचं पत्र. सदर मुलीचं वर्तन चांगलं आहे, तिला क्षमा मिळावी. मी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि फळ्याकडं वळलो. लिहिलं: दोन अधिक दोन बरोबर पाच.

मागून, पुढून, खिडकीपाशी बसलेल्या दामारकडून, सगळीकडून एकदम आलं, "नाही, सर!"

डोळ्यांत पाणी आलं म्हणून मी फळा पुसायच्या निमित्तानं पाठ फिरवली. म्हटलं, "शाब्बास. आता उद्यासाठी गृहपाठ लिहून घ्या."

"नाही, सर," वेनिंग म्हणाली. पंखा चालू होता, तरी स्पष्ट ऐकू आलं.